मुलांसाठी बिनसाखरेची रंगीत पेयं: कोकणातल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल उजाडला की मुंबई-पुण्याची नातवंडं गावी उतरतात आणि दिवसातून चार वेळा "थंड काहीतरी दे" सुरू होतं. फ्रिजमध्ये लाल-हिरव्या सिरपच्या बाटल्या असतात आणि परसात रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, गळून पडत असतात. इथे त्या परसातल्या वस्तूंबद्दल बोलू. उत्तरं निरोगी मुलांसाठी आहेत. मुलाला एखादा आजार असेल किंवा रोजची औषधं चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

बिनसाखरेचं म्हणजे गूळ किंवा मध घातलेलं चालतं ना?

नाही. गूळ, मध, काकवी, खडीसाखर या सगळ्या शरीराच्या लेखी साखरच आहेत. गुळात लोह असतं हे खरं, पण पेलाभर सरबतात पडणाऱ्या गुळातून मिळणारं लोह अगदीच थोडं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत मध, सिरप आणि फळांचा गाळलेला रससुद्धा याच हिशेबात धरला आहे. अशी साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि जमलं तर ५ टक्क्यांच्या आत ठेवावी, असं त्या सूचना सांगतात. पाच वर्षांच्या मुलासाठी ५ टक्के म्हणजे जेमतेम चार चहाचे चमचे. बिस्किटं, जॅम, दुधात घालायची पावडर, सगळं त्यातच आलं. कोलासारख्या पेयात १०० मिलिलीटरला १० ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे एका पेल्यातच दिवसाचा वाटा संपतो.

मधाबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवायचासुद्धा नाही. त्यात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या आतड्यात ते वाढून विष तयार करतात. आपल्याकडे जन्मल्यावर मध चाटवायची पद्धत अनेक घरांत आहे, तिथे घरच्या मोठ्या माणसांना हे प्रेमाने पण ठामपणे सांगावं लागतं.

खजूर भिजवून अख्खा वाटला तर त्यातला चोथा टिकतो, म्हणून तो गुळापेक्षा बरा. तरी रोजच्या पेयात नको. लाडवात घाला.

साखर नसेल तर आमचा मुलगा तोंडच लावत नाही. काय करायचं?

लावेल, पण पहिल्याच दिवशी लावणार नाही. नवी चव मुलाने आपलीशी करायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते. म्हणून एकदा नाकारलं की "त्याला आवडत नाही" असा शिक्का मारू नका.

मला मनापासून वाटतं ते असं, की साखरेच्या जागी दुसरं काही गोड शोधत बसण्यापेक्षा मुलाच्या जिभेला आंबट, खारट आणि सुवासिक चवींची ओळख करून द्यावी. कोकणातल्या घरांना हे नवं नाही. सोलकढी गुलाबी असते, थंड असते, तिच्यात साखरेचा कण नसतो आणि तीन-चार वर्षांची पोरं भातावर घेऊन उरलेली वाटीने पितात. बिनसाखरेचं रंगीत पेय आपल्या ताटात रोज आहे. ते ताटातून पेल्यात आणायचं, एवढंच काम उरतं.

सवय मोडताना घाई नको. आत्ता पेल्यात दोन चमचे साखर जात असेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. वेलची, दालचिनी यांच्या वासाने गोडाचा भास होतो, त्याचा उपयोग करा. पेला लहान घ्या. तेच पेय मोठ्यांनीही मुलासमोर प्यावं. मुलाला कोकम आणि मोठ्यांना साखरेचा चहा, असं चालत नाही. आणि फुलं खुडणं, सोलं (कोकमाच्या वाळवलेल्या साली) पिळणं, लिंबाचे थेंब टाकणं ही कामं मुलांच्या हाती द्या. स्वतःच्या हाताने ज्याचा रंग बदलला ते पेय मूल चाखल्याशिवाय राहत नाही.

कोकमाचे इतके प्रकार आहेत. मुलांसाठी नेमकं कोणतं घ्यायचं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून उत्तर थोडं लांब आहे.

बाजारात 'अमृत कोकम' म्हणून मिळतं ते रातांब्याच्या सालींवर साखरेचे थर देऊन काढलेलं सिरप असतं. पाणी घालून पातळ केलं तरी साखर साखरच राहते. 'आगळ' म्हणजे मीठ घालून टिकवलेला रस. त्यात साखर नाही, पण मीठ भरपूर असतं, म्हणून सोलकढीला ठीक आणि पेला-पेला पाजायला अयोग्य. आमसुलं, म्हणजे रसाचे हात देऊन उन्हात वाळवलेली सोलं, बहुतेक वेळा खारवलेली असतात. आपल्याला हवीत ती बिनमिठाची सोलं किंवा हंगामात थेट ताजे रातांबे. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, रत्नागिरी, कुठल्याही बाजारात "बिनमिठाची सोलं आहेत का" असं विचारलं की विकणारीला बरोबर कळतं. चाखून घ्या. जिभेला आधी आंबट लागली पाहिजेत, खारट नव्हे.

ताज्या रातांब्यांचं असं करा: पाच-सहा पिकलेली, गडद लाल फळं धुऊन फोडा. बिया बाजूला काढा, त्या वाळवून कोकमतेलासाठी ठेवता येतात. साली एक लिटर गार पाण्यात तासभर बुडवून ठेवा, हाताने हलके चुरा आणि गाळा. चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड घाला, मीठ घातलंच तर नखभर. सुक्या सोलांचं करायचं तर सहा-सात सोलं अर्धा पेला कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पिळून घ्या आणि पाणी घालून चार पेले करा. मोठ्यांना हे पाणचट लागेल. मुलांसाठी तेच प्रमाण योग्य, कारण साखर न घालता कोकम प्यायचं तर ते विरळच हवं. बहुतेक घरांत कोकम आधी घट्ट करतात, मग आंबट झालं म्हणून साखर ओततात.

तरीही आंबट लागत असेल तर निम्मं कोकमाचं पाणी आणि निम्मं शहाळ्याचं पाणी एकत्र करा. शहाळ्याचा स्वतःचा सौम्य गोडवा कोकमाला नेमका पुरतो. माझ्या मते किनाऱ्यावरचं मुलांसाठीचं सर्वांत चांगलं पेय हेच.

मुलांची सोलकढी करताना मिरची अजिबात नको, लसूण ठेचून अगदी नावाला. नारळाचं पहिलं दूध दाट असतं, लहानांना दुसऱ्या दुधाची करा. रंग गुलाबी न होता जांभळट झाला तर कोकम कमी पडलं असं समजा. आणि सोलकढी तापवू नका, फुटते.

रंग पाहून मुलं खूश होतात असं पेय कोणतं?

निळी गोकर्ण. कुंपणावर चढलेली ही वेल आपण देवपूजेपुरती ओळखतो. थायलंड-मलेशियात तिच्या फुलांनी पेयं आणि भातही रंगवतात.

सहा-सात ताजी निळी फुलं घ्या. देठाकडचा हिरवा भाग काढून टाका, फक्त पाकळ्या ठेवा. कपभर गरम पाण्यात पाच मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पाणी शाईसारखं निळं होतं. चव जवळजवळ नसतेच, म्हणून त्याच पाण्यात गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून टाकाव्यात. थंड झाल्यावर मुलाच्या हाती लिंबाची फोड द्या. थेंब पडताच निळं पाणी जांभळं होतं, आणखी पिळलं की गुलाबी. लिंबाऐवजी चमचाभर कोकमाचं पाणी टाकलं तरी तेच होतं.

मुलं "असं का?" विचारतातच, तेव्हा खरं उत्तर द्या. पाकळ्यांत अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं असतात. आंबट पाण्यात त्यांच्या रेणूची रचना बदलते आणि रंग लालाकडे झुकतो. जांभूळ, कोकम, जास्वंद, सगळ्यांचे लाल-जांभळे रंग याच कुळातले. वेगळ्या वाटीत निळ्या पाण्यात चिमूट खाण्याचा सोडा टाकून दाखवा, ते हिरवट होतं. ती वाटी फक्त बघण्यासाठी, पिण्यासाठी नाही.

हे निळं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर अजून मजा. साध्या लिंबूपाण्यात दोन खडे टाका. बर्फ वितळेल तसा पेल्यात जांभळा रंग उतरत जातो.

गोकर्णीच्या शेंगा, बिया आणि मुळं मात्र मुलांपासून दूर ठेवा, त्यांनी जुलाब होतात. पांढऱ्या गोकर्णीने रंग येत नाही.

जास्वंदीचं सरबत आमची आजी करायची. कृती काय?

साधी पाच पाकळ्यांची लाल जास्वंद घ्या. मधला दांडा आणि खालची हिरवी वाटी काढून टाका. चार-पाच फुलांच्या पाकळ्या दोन कप गरम पाण्यात घाला. पाकळ्या फिक्या पडतात आणि पाणी मळकट जांभळं दिसतं. तिथे निराश होऊ नका, लिंबू पिळा, ते झळझळीत लाल होतं. पाणी किंचित बुळबुळीत लागतं. मुलांना ते खटकलं तर जास्त थंड करून द्या. लाल अंबाडीच्या मांसल बोंडांचंही असंच करतात. ती स्वतःच आंबट असल्यामुळे लिंबू लागत नाही. बोंडं हिवाळ्यात मिळतात, वाळवून ठेवता येतात.

फुलं घरच्या झाडाचीच हवीत. नर्सरीतून नुकतं आणलेलं फवारलेलं झाड, हमरस्त्याकडेची कुंपणं, देवावर वाहून उतरवलेली फुलं यांतलं काही नको.

पुदिन्याचं पाणी थोड्या वेळाने काळपट होतं. हिरवं कसं ठेवायचं?

हिरवा रंग आंबट आणि उष्णता दोन्हींपुढे टिकत नाही. म्हणून पुदिना बर्फाच्या पाण्यासोबत वाटा, लगेच गाळा, लिंबू शेवटी आणि पेल्यातच पिळा. उकडलेल्या कैरीचा गर, पुदिना, जिरं आणि कणभर सैंधव घालून खारं पन्हं छान होतं. ते पोपटी न दिसता पिवळट हिरवं दिसेल. तेच खरं.

याच ओघात वाळ्याबद्दल. वाळ्याची मुळी धुऊन फडक्यात बांधून माठात टाकली की पाण्याला मातीचा गार वास येतो आणि रंग जवळजवळ येतच नाही. बाटलीतलं गर्द हिरवं वाळ्याचं सरबत म्हणजे साखर, वास आणि वरून घातलेला रंग.

हळदीचा पिवळा रंग पाण्यात का उतरत नाही?

हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळतं. पाण्यात घातली की ती तळाशी बसते. नारळाच्या कोमट दुधात चिमूटभर हळद, वेलची आणि मिरपुडीचा एखादा कण घालून पाहा, सोनेरी रंग चढतो. हळदकुंडं घरी दळलेली असतील तर उत्तम, कारण सुट्या हळदीत चमक आणण्यासाठी शिशाचा क्रोमेट मिसळल्याची प्रकरणं देशात सापडलेली आहेत आणि शिसं मुलांच्या मेंदूला घातक असतं. हळदीवर चुन्याची निवळी पडली की ती लाल होते. जुन्या पद्धतीचं कुंकू याच गुणावर होत असे. हाही प्रयोग मुलांना दाखवण्यासारखा, अर्थात बशीत.

बीटचं पाणी दिलं आणि लघवी लाल झाली. घाबरायचं का?

बीटनंतर एखाद्या दिवसापुरती लघवी किंवा शौच लालसर होऊ शकते, त्यात धोका नाही. बीट न खाता तसं दिसलं तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा. बीटचा रंग उकळल्यावर तपकिरी पडतो, म्हणून किसून गार पाण्यात भिजवा.

जांभूळ, करवंद?

मे-जूनमध्ये जरूर. करवंदं पूर्ण काळी झालेलीच घ्या, कच्च्याला चीक असतो. गर पाण्यात कुस्करा, गाळा, लगेच प्या. पण ही फळं मुलांनी नुसती, चोथ्यासकट खाल्लेली अधिक चांगली.

कितव्या वर्षापासून द्यायचं आणि किती?

सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. वरचं पाणी, घुटी, काढा काहीच नको. पुढे दोन वर्षांपर्यंत तहानेला साधं उकळून गार केलेलं पाणी, तेवढंच. या वयात वरून साखर अजिबात घालू नये, असं राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात. सोलकढीचं बोट भाताबरोबर चाटलं तर हरकत नाही, बाटलीत भरून मात्र काहीही रंगीत देऊ नका.

दोन वर्षांनंतर दिवसातून एक लहान पेला पुरे, मोठ्या मुलांना एखाद-दुसरा. फळांच्या रसासाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१९ मध्ये मर्यादा घातली आहे: दोन वर्षांखाली नाही, दोन ते पाच वर्षांत दिवसाला १२५ मिलिलीटर, पुढे २५० मिलिलीटरपर्यंत. आपली विरळ पेयं रस नव्हेत, तरी तोच अंदाज धरा. तहानेचं मुख्य उत्तर पाणीच राहिलं पाहिजे.

सब्जा घालणार असाल तर तो पूर्ण फुगलेला हवा, आणि अगदी लहानांना नको, घशात अडकतो.

तुळस, बडीशेप, ज्येष्ठमध घातलं की प्रतिकारशक्ती वाढते ना?

असं छातीठोकपणे कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पाच-सहा तुळशीची पानं, गवती चहा, आल्याचा लहान तुकडा, धणे-जिऱ्याचं पाणी हे वासासाठी आणि चवीसाठी छान आहेत, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. पेयाला औषध केलं की मूल ते औषधासारखंच पितं.

ज्येष्ठमध गोड लागतं म्हणून साखरेऐवजी रोज घालायचा मोह होतो. घालू नका. त्यातल्या ग्लायसिरायझिनने रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बडीशेपेच्या काढ्याबद्दल युरोपीय औषध संस्थेचा सल्ला चार वर्षांखालील मुलांना तो देऊ नये असा आहे, त्यातल्या इस्ट्रागोल या घटकामुळे. अडुळसा, गुळवेल वगैरे वैद्याच्या सल्ल्याशिवाय घरच्या पेल्यात नकोत.

स्टीव्हिया किंवा शुगर-फ्रीच्या गोळ्या?

मुलांसाठी नको. जीभ तितकीच गोडाला चटावलेली राहते. मोठ्यांनीही वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोड पर्यायांवर भिस्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये म्हटलं आहे.

बाजारातले रंग सरकारमान्य असतात, मग एवढी काळजी का?

मान्य आहेत आणि प्रमाणाची मर्यादाही आहे. तरी २००७ मध्ये ब्रिटनमधल्या साउदम्प्टन विद्यापीठाच्या अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट (पेय टिकवण्यासाठी घालतात ते रसायन) यांच्या मिश्रणानंतर काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. त्यानंतर युरोपात २०१० पासून अशा सहा रंगांच्या खाद्यपदार्थांवर, मुलांच्या वागण्यावर आणि एकाग्रतेवर परिणाम होऊ शकतो, अशी सूचना छापावी लागते. त्यातले टार्ट्राझिन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो ४आर हे चार आपल्याकडे चालतात. लेबलवर त्यांचे आकडे अनुक्रमे १०२, ११०, १२२ आणि १२४. बाटली उलटी करून वाचायची सवय मुलांनाच लावा, त्यांना आकडे शोधायला आवडतात. जत्रेतल्या बर्फाच्या गोळ्यावर तर लेबलही नसतं.

भांडं कोणतं वापरायचं?

स्टील, काच, चिनीमाती. कोकम, लिंबू, कैरी, आवळा यांना तांबं, बिनकल्हईचं पितळ आणि ॲल्युमिनियम चालत नाही. आंबटात धातू उतरतो, मळमळ आणि उलट्या होतात.

शाळेच्या बाटलीत दिलं तर चालेल?

नको. शाळेत साधं पाणी द्या. घरची पेयं ताजीच प्यायची असतात, फ्रिजमध्ये फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि नारळाच्या दुधाची त्याच दिवशी. दमट हवेत ती चार तासांत आंबू लागतात. दुसरं कारण दातांचं. आंबट पाणी दिवसभर घोट-घोट पीत राहिलं की दातांवरचं कवच झिजतं, साखर नसली तरी. जेवणासोबत एका बैठकीत प्यावं, नंतर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि लगेच दात घासू नयेत, अर्धा-पाऊण तास थांबावं.

पावसाळ्यात विहिरीला वरचं पाणी मिसळतं, तेव्हा पेयाचं आणि बर्फाचंही पाणी उकळलेलंच हवं. कोकम आंबट आहे म्हणून जंतू मरतात हा समज चुकीचा आहे.

जुलाब-उलट्या झाल्यावर कोकम किंवा शहाळं देऊन भागेल का?

नाही, आणि इथे "आमच्या घरी साखर नाही" हा नियम बाजूला ठेवा. ओआरएसमध्ये, म्हणजे जुलाबात द्यायच्या मीठ-साखरेच्या पाण्यात, ग्लुकोज मुद्दाम असतं. आतड्यात ग्लुकोजबरोबरच मीठ आणि पाणी शोषलं जातं, त्याशिवाय पाणी शरीरात टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची पुडी आणा आणि पुडीवर लिहिलंय तेवढ्याच उकळून गार केलेल्या पाण्यात कालवा, कमी-जास्त नाही. गोड फळपेयांच्या खोक्यांवर 'ओआरएस' हा शब्द वापरायला एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये बंदी घातली आहे. दुकानदार तसलं खोकं पुढे करत असेल तर परत करा. मूल मलूल झालं, सहा-आठ तास लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, तर दवाखान्यात न्या.

मुलं स्वतःच रानातून फुलं आणतात. कोणती नकोत?

कण्हेर, लाल असो वा पिवळी, हृदयावर परिणाम करणारं विष आहे. धोतरा विषारी. गुंजेच्या लालकाळ्या बिया दिसायला सुंदर आणि चावल्या तर जीवघेण्या. घरात नियम एकच ठेवा: मोठ्या माणसाने नाव सांगितल्याशिवाय कोणतंही फूल पाण्यात पडणार नाही.

रातांब्याचा हंगाम संपल्यावर काय?

मेच्या अखेरीस, पाऊस धरण्याआधी, थोडी तयारी करून ठेवा. साली मीठ न लावता कडक उन्हात खडखडीत वाळवा, हवाबंद बरणीत भरा आणि पावसाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर बुरशी धरते. ताज्या सालींचा दाट रस काढून ट्रेमध्ये गोठवा, एक खडा एका पेल्याला पुरतो. मीठ नसल्यामुळे हा रस बाहेर टिकत नाही, म्हणून फ्रीझरमधून लागेल तेवढाच काढा. डब्यावर तारीख घाला आणि "बिनमीठ" असंही लिहा. सोलकढीसाठी घरात खारं आगळ असतंच, आणि दोन्हींचा रंग सारखाच दिसतो.